कुत्र्याच्या पिल्लाला शी-शूची सवय कशी लावतात?

आठ आठवड्यांचं कुत्र्याचं पिल्लू दिवसभरात दहा-बारा वेळा तरी शू करतं आणि तीन-चार वेळा शी. त्याचं मूत्राशय लहान असतं, ते आवरून धरणारे स्नायू अजून पुरते तयार झालेले नसतात, आणि घर कुठे संपतं नि बाहेर कुठे सुरू होतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. असं पिल्लू दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलं की पहिले चार दिवस कौतुकात जातात. पाचव्या दिवसापासून पायपुसणं, सतरंजी, सोफ्यामागचा कोपरा असा हिशेब सुरू होतो. घरातल्या दोघांत भांडण होतं, पिल्लाला दोन चापट्या बसतात, आणि काही घरांत महिन्याभरात ते गॅलरीत कायमचं बांधलं जातं किंवा कुणाला तरी देऊन टाकलं जातं. या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा एकाच गैरसमजात असतं: पिल्लाला कळतं, पण ते ऐकत नाही.

त्याला कळत नसतं. कळायला लागल्यावरही काही आठवडे त्याचं शरीर साथ देत नाही. सवय लागते ती वेळापत्रकाने, आणि ते वेळापत्रक पाळायचं असतं घरातल्या माणसांनी. पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता. वाड्यात किंवा गावाकडच्या घरात कुत्रं अंगणात, पडवीत राहायचं. त्याची त्याची जागा ते शोधून घ्यायचं. चौथ्या मजल्यावर, लिफ्टपलीकडे, टाइल्सच्या गुळगुळीत फरशीवर राहणाऱ्या पिल्लाला ती सोय नाही.

आईकडून शिकलेलं पहिलं पान

जन्मल्यावर साधारण तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शू होत नाही. आई त्याचं पोट आणि मागचा भाग चाटते, त्या स्पर्शाने ती होते, आणि आईच ते चाटून साफ करते. पिल्लं चालायला लागली की झोपायच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन मोकळी होऊ लागतात. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर अनेक वर्षं काम केलं आणि १९६५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. साधारण साडेआठ आठवड्यांच्या सुमाराला पिल्लं शीसाठी ठरावीक जागा वापरू लागतात, असं त्यांना दिसलं होतं. याच वयात पायाखाली काय आहे याचीही आवड ठरत जाते. गवतावर वाढलेलं पिल्लू गवत शोधतं, वर्तमानपत्रावर वाढलेलं कागद शोधतं.

म्हणजे झोपायची जागा स्वच्छ ठेवण्याची ओढ पिल्लू जन्मतः घेऊन येतं. सवय लावणाऱ्याचं काम एवढंच की 'झोपायची जागा' या कल्पनेचा विस्तार हळूहळू अख्ख्या घरापर्यंत करायचा.

ही ओढ मोडताही येते. छोट्या पिंजऱ्यात दाटीवाटीने ठेवलेल्या, तिथेच खाणाऱ्या, तिथेच झोपणाऱ्या आणि तिथेच शी करणाऱ्या पिल्लाला घाणीत बसायचं काही वाटेनासं होतं. अशा पिल्लाला शिकवायला दुप्पट-तिप्पट वेळ लागू शकतो. त्यामुळे पिल्लू विकत घेताना त्याच्या जातीचे कागद पाहण्याआधी ते जिथे वाढलं ती जागा पाहावी. भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला मनाई आहे. पाच आठवड्यांचं गोंडस पिल्लू हातात ठेवणारा विक्रेता कायदा तर मोडतोच, शिवाय आईजवळ होणारं हे शिक्षणही अर्ध्यावर तोडतो. रस्त्यावरून उचलून आणलेली देशी पिल्लं मात्र अनेकदा या बाबतीत पटकन शिकतात. मोकळ्या जागेत वाढल्याने लांब जाऊन शी करण्याची त्यांची सवय शाबूत असते.

घड्याळ कसं लावायचं

एक ढोबळ हिशेब श्वानप्रशिक्षकांमध्ये प्रचलित आहे. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा; तितके तास ते जास्तीत जास्त थांबू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास, तीन महिन्यांचं चार तास. पण ही मर्यादा शांत पडून असलेल्या पिल्लाची झाली. जागं आणि खेळतं पिल्लू तासाभरातच शू करतं. पग, शिह त्झू, पॉमेरेनियन अशा लहान जातींचं मूत्राशयही लहान, म्हणून त्यांना लॅब्राडॉरच्या पिल्लापेक्षा जास्त फेऱ्या लागतात.

वेळेपेक्षा प्रसंग लक्षात ठेवणं सोपं जातं. झोपेतून उठल्या उठल्या. खाणं झाल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासात, कारण पोटात अन्न पडलं की आतडी हलू लागतात. पाणी प्यायल्यावर थोड्या वेळाने. खेळ रंगात असताना मध्येच. पाहुणे आल्यावर. आणि रात्री निजण्याआधी. या प्रत्येक वेळी पिल्लाला उचलून ठरलेल्या जागी न्यायचं, त्याने मागितलं नसलं तरी. शिवाय जागं असेपर्यंत दर तासाला एक फेरी. हे सगळं पहिल्या दिवशी वाचायला बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी पाठ दुखते. पिल्लू आणायचं ठरवताना घरातल्या कुणाला तरी निदान पहिले दहा-पंधरा दिवस सुट्टी काढता येईल का, हा प्रश्न त्याच्या रंगापेक्षा महत्त्वाचा आहे.

बाहेर काय पडणार आणि कधी, हे आत काय जातं आणि कधी यावर ठरतं. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा, ठरलेल्या वेळी खायला द्यावं आणि पंधरा-वीस मिनिटांनी भांडं उचलावं. दिवसभर भांडं भरून ठेवलं की शीची वेळ सांगता येत नाही. इथे दूध-पोळीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मराठी घरांत पिल्लाला पहिलं खाणं म्हणून दूध-पोळीच कुस्करली जाते. आईचं दूध सुटलेल्या अनेक पिल्लांना गाई-म्हशीच्या दुधातली साखर नीट पचत नाही आणि जुलाब होतात. जुलाब होत असलेलं पिल्लू कितीही शहाणं असलं तरी दारापर्यंत पोचत नाही. खाणं बदलायचं असेल तर आठवडाभरात थोडं थोडं बदलावं.

पाण्याचं तसं करू नये. शू कमी व्हावी म्हणून दिवसा पाणी तोडणं धोक्याचं आहे, आणि नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात तर फारच. रात्री निजण्याआधी तास-दीड तास भांडं उचलून ठेवणं एवढंच पुरेसं, तेही उकाडा नसेल तेव्हा.

जागा कोणती? इथेच खरी अडचण

सगळी परदेशी पुस्तकं सांगतात की पिल्लाला पहिल्या दिवसापासून बाहेर न्या. इथला पशुवैद्य सांगतो की लसी पूर्ण होईपर्यंत खाली उतरवू नका. दोघांचंही बरोबर आहे, आणि नवख्या मालकाची कोंडी इथेच होते.

पार्व्हो हा विषाणू आजारी कुत्र्याच्या शीतून पसरतो, मातीत कित्येक महिने टिकतो आणि लस न झालेल्या पिल्लाचा जीव दोन-चार दिवसांत घेऊ शकतो. डिस्टेंपरही तसाच घातक. त्यांच्या लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. रस्त्याकडेची माती, सार्वजनिक बाग, सोसायटीतला जिथे भटकी कुत्री बसतात तो कोपरा या जागा तोवर वर्ज्य. पण सोळा आठवडे म्हणजे जवळजवळ चार महिने, आणि आवडीनिवडी ठरण्याचं वय त्याच्या कितीतरी आधीचं. चार महिने वर्तमानपत्रावर शू केलेलं पिल्लू मग बागेत अर्धा तास फिरतं, काही करत नाही, घरी येतं आणि जमिनीवर पडलेल्या त्या दिवसाच्या पेपरवर निवांत मोकळं होतं. मालकाला वाटतं, मुद्दाम केलं. पिल्लाच्या दृष्टीने त्याने शिकवलेलंच केलं.

यावरचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे बाहेरची जमीन घरात आणणं. नर्सरीत लॉनचे चौकोनी तुकडे मिळतात. मोठ्या, कडा असलेल्या ट्रेमध्ये असा एक तुकडा ठेवून तो गॅलरीत मांडला की पिल्लाच्या पायांना पहिल्यापासून गवताची ओळख होते. शी लगेच उचलायची, शू वर पाणी ओतून जिरवायची, दोन-तीन आठवड्यांनी तुकडा बदलायचा. कृत्रिम गवताची चटईही चालते, पण ती रोज धुवावी लागते. ट्रेखालचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जात नाही ना, हे आधी पाहावं. शेजाऱ्यांशी भांडण पिल्लाच्या नावावर जमा होतं.

कागद किंवा पॅड वापरायचाच असेल तर तो एकाच जागी, दाराच्या किंवा गॅलरीच्या दिशेने ठेवावा. लसी झाल्यावर रोज वीतभर दाराकडे सरकवत न्यावा, आणि पहिल्या काही दिवशी शूने भिजलेला कागदाचा एक तुकडा खाली न्यायच्या जागेवर ठेवावा. वासाने काम निम्मं होतं.

बाथरूममध्ये किंवा जुन्या घरातल्या मोरीत शिकवण्याची पद्धतही इथली जुनीच. वयस्कर माणसं, लहान कुत्रा आणि लिफ्ट नसलेली इमारत असेल तर ती कायमची सोय म्हणूनही ठीक आहे. तिच्यात एक गोम आहे. हल्ली हॉल, स्वयंपाकघर आणि बाथरूम तिन्हींकडे फरशी सारखीच लागते. पिल्लाच्या तळव्यांना या खोल्यांमधला फरक कळत नाही. बाथरूमच्या त्या कोपऱ्यात भोकं असलेली प्लास्टिकची जाळी किंवा खडबडीत रबरी चटई घातली, तर जागेची ओळख पटते.

पायपुसणं, बाथमॅट, गोधडी यांवरच पिल्लाचा डोळा का असतो, याचं उत्तरही तळव्यांतच आहे. मऊ आणि शोषून घेणारी जागा ही त्याला गवताची किंवा पॅडची बहीण वाटते. पहिले दोन महिने ही पायपुसणी उचलून ठेवणं हा रागावण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.

जागेवर नेल्यावर काय करायचं

पट्टा लावून, रोज त्याच वाटेने, त्याच जागेवर न्यावं. तिथे उभं राहावं. बोलू नये, खेळवू नये, फोनही पाहू नये, कारण पिल्लाची ती एक सेकंदाची हालचाल पकडायची असते. शू सुरू झाली की हळू आवाजात एकच ठरलेला शब्द म्हणावा. 'शू कर' म्हणा, 'चल पटकन' म्हणा, काहीही चालेल, पण घरातल्या सगळ्यांचा शब्द एकच हवा. आजी 'शू-शू' म्हणते, बाबा 'गो' म्हणतात आणि मुलगी तिसरंच काही, असं झालं तर पिल्लाला त्यातून काही अर्थ लागत नाही. काही आठवड्यांनी याच शब्दावर ते मोकळं होऊ लागतं, आणि पावसात किंवा रात्री अकरा वाजता हा शब्द सोन्यासारखा वाटतो.

संपल्याबरोबर, तिथेच, शाबासकी आणि खाऊचा एक छोटा तुकडा. दोन सेकंदांच्या आत. वर घरी येऊन डब्यातून बिस्कीट काढून दिलं, तर पिल्लाला ते घरी आल्याचं बक्षीस वाटतं. म्हणून खाऊ खिशात आधीच असावा.

त्यानंतरची एक चूक जवळजवळ प्रत्येक घरी होते. शू झाली की लगेच वर. दोन-चार दिवसांत हुशार पिल्लू शिकतं की शू केली की मजा संपते, आणि ते थांबवून धरायला लागतं. उलट क्रम ठेवावा: आधी शू, मग पाच मिनिटं हुंगणं, पळणं, खेळणं. दहा मिनिटं थांबूनही काही झालं नाही, तर घरी आणून मोकळं सोडू नये. मांडीवर किंवा क्रेटमध्ये ठेवून पंधरा मिनिटांनी पुन्हा न्यावं.

डोळ्यासमोर, नाहीतर बंदिस्त

घरात पिल्लाच्या दोनच अवस्था असाव्यात. एक तर कुणाचं तरी त्याच्याकडे पूर्ण लक्ष आहे, नाहीतर ते छोट्या बंदिस्त जागेत आहे. घरभर मोकळं फिरण्याचा परवाना हळूहळू, खोलीखोलीने मिळवायचा असतो. कामात असताना पट्टा कमरेला बांधून ठेवणं ही साधी युक्ती आहे.

लक्ष कशावर ठेवायचं? खेळता खेळता अचानक थांबणं, नाक जमिनीला लावून हुंगणं, सोफ्यामागे जाणं, दाराकडे पाहणं, आणि शेवटी गोल गोल फिरणं. या गोल फिरण्यावर संशोधनही झालं आहे. चेक आणि जर्मन संशोधकांनी ७० कुत्र्यांची निरीक्षणं करून, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्री उत्तर-दक्षिण दिशेत बसणं पसंत करतात, असा निष्कर्ष २०१३ मध्ये मांडला. त्याला २०१४ चं इग नोबेल पारितोषिक मिळालं. सतरंजी वाचवणाऱ्याला होकायंत्राची गरज नाही. गिरक्या सुरू झाल्या की हातात चार-पाच सेकंद आहेत, एवढं कळलं तरी पुरे.

क्रेटबद्दल मराठी घरांत दोन टोकाची मतं आहेत. काहींना तो तुरुंग वाटतो, काहींना पिल्लू दिवसभर ठेवायची सोय. दोन्ही चूक. उभं राहता येईल, वळता येईल आणि पाय पसरून झोपता येईल एवढाच क्रेट असावा, म्हणजे तो झोपायची जागा ठरतो आणि पिल्लू तिथे घाण टाळतं. फार मोठा घेतला तर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं. तो पंख्याखाली, माणसांच्या वावरात असावा. तापलेल्या गॅलरीत कधीच नाही. शिक्षा म्हणून त्यात कोंडू नये. आणि वयाच्या हिशेबाने जितके तास पिल्लू थांबू शकतं, त्याहून जास्त वेळ ते त्यात असता कामा नये. तसं झालं तर ते नाइलाजाने तिथेच शू करतं आणि सगळ्या शिक्षणाचा पाया जातो.

नवरा-बायको दोघंही सकाळी नऊला बाहेर पडून संध्याकाळी सातला येत असतील, तर दोन महिन्यांचं पिल्लू त्या घरात क्रेटने सांभाळलं जात नाही. दुपारी येऊन जाणारं कुणीतरी हवं. ते शक्य नसेल तर कठड्याने आखलेली मोठी जागा, एका बाजूला अंथरूण आणि दुसऱ्या टोकाला गवताचा ट्रे, अशी रचना करावी. सवय लागायला वेळ जास्त लागेल, पण पिल्लाचे हाल होणार नाहीत. नाहीतर मोठं, शिकलेलं कुत्रं दत्तक घेणं हा शहाणपणाचा पर्याय आहे. निवारा केंद्रांत तशी कुत्री असतात.

घरात झालीच तर

होणारच. प्रत्यक्ष होताना दिसलं तर 'अरे' एवढा आवाज, तोही घाबरवण्यासाठी नाही, फक्त थांबवण्यासाठी. उचलावं, जागेवर न्यावं, उरलेली शू तिथे झाली की शाबासकी द्यावी. नंतर सापडलं तर गुपचूप पुसावं. दुसरं काही करायचं नाही.

नाक शूत घासणं, वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारणं, कोपऱ्यात मिरचीपूड टाकणं हे उपाय आजही आवर्जून सांगितले जातात. त्यांचा परिणाम होतो, पण भलताच. पाच मिनिटांपूर्वीच्या शूचा आणि आत्ताच्या माराचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. त्याला एवढंच कळतं की शू आणि माणूस एकत्र दिसले की मार बसतो. मग ते माणसासमोर शू करणं सोडतं: पलंगाखाली जातं, पडद्यामागे जातं, आणि बाहेर पट्ट्याला बांधलेलं असताना तासभर थांबून राहतं, कारण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो. तक्रार घेऊन येणारा मालक म्हणतो, 'बाहेर काहीच करत नाही, घरी येऊन लपून करतो.' असं पिल्लू हट्टी नसतं, भेदरलेलं असतं.

'पण त्याला कळतं, त्याचं तोंडच सांगतं,' हा नेहमीचा युक्तिवाद. खाली घातलेली मान, चोरटी नजर, पायात घातलेली शेपटी. न्यूयॉर्कमधल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर हे तपासलं. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, याचा त्या अपराधी चेहऱ्याशी संबंध दिसला नाही. मालक रागावला की चेहरा तसा व्हायचा. काहीच न केलेली कुत्रीसुद्धा ओरडा बसल्यावर तशीच दिसली. तो चेहरा पश्चात्तापाचा नसून समोरच्या रागाला दिलेलं उत्तर असतो.

खरं लक्ष द्यायचं ते पुसण्यावर. माणसाला वास येईनासा झाला तरी कुत्र्याला येतो, आणि जिथे वास तिथे पुन्हा शू. फिनेलचा उग्र वास आपल्या नाकापुरता झाकण घालतो. काही फिनेलं आणि जंतुनाशकं पिल्लाने पंजे चाटले तर घातकही असतात. अमोनिया असलेले क्लीनर टाळावेत, कारण शूलाही तसाच वास असतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानांत एन्झाइम असलेले क्लीनर मिळतात, ते शूतले वासाचे घटक तोडतात. डागावर ओतून सांगितलेला वेळ तसंच ठेवायचं, लगेच पुसायचं नाही. घाईच्या वेळी निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर चालतं, पण फक्त सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल्सवर. मार्बल, कोटा, शहाबादी हे दगड आम्लाने खराब होतात. टाइल्समधल्या सांध्यांत शू मुरते, तिथे ब्रश मारावा. आणि लादी पुसायला येणाऱ्या मावशींना हे सगळं नीट सांगावं, नाहीतर सकाळी नऊ वाजता सगळीकडे फिनेल फिरतंच.

रात्र, पाऊस आणि फटाके

पहिले काही आठवडे रात्री एकदा, कधी दोनदा उठावं लागतं. पिल्लाचा क्रेट झोपायच्या खोलीतच असावा, म्हणजे कुईकुई ऐकू येते. उठून न्यायचं, शू झाली की हळूच शाबासकी, परत झोप. दिवे नाहीत, खेळ नाही, लाड नाहीत. नाहीतर पिल्लू गप्पा मारायला उठवायला शिकतं. झोपेत शू कमी तयार होते, त्यामुळे चार महिन्यांच्या आसपास बरीच पिल्लं सहा-सात तास सलग झोपू लागतात.

जूनमध्ये घरी आलेल्या पिल्लाचा अभ्यासक्रम वेगळाच असतो. पायाखाली चिखल, डोक्यावर पाऊस, आणि ते जिन्यातच बसून राहतं. छत्री घेऊन मालकाने स्वतः भिजायची तयारी ठेवावी. छपराखालचा एखादा कोरडा, मातीचा पट्टा शोधावा. साचलेल्या पाण्यात पिल्लाला उतरू देऊ नये. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळणारा लेप्टो माणसांना होतो तसाच कुत्र्यांनाही होतो, त्याची लस झाली आहे का हे पशुवैद्याला विचारावं. दिवाळीत फटाक्यांनी घाबरलेली कुत्री बाहेर जायलाच नकार देतात. त्या चार दिवसांत संध्याकाळची फेरी अंधार पडण्याआधी आटोपावी, आणि घरात झालं तर ते भीतीचं समजावं.

खाली नेताना पिल्लाला लिफ्टमध्ये उचलूनच घ्यावं. चालत सोडलं की दारापाशीच शू होते. पिशवी आणि पाण्याची बाटली बरोबर असावी. सोसायटीला कुत्री पाळायला किंवा लिफ्ट वापरायला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मालकांनी आपल्या कुत्र्याची घाण उचलावी, असंही त्यांतच म्हटलेलं आहे. पहिलं वाक्य सोसायटीच्या सभेत मोठ्याने वाचलं जातं, दुसरं क्वचित.

लागलेली सवय मोडली तर

बहुतेक पिल्लं चार ते सहा महिन्यांत बऱ्यापैकी भरवशाची होतात. काहींना वर्ष लागतं. लागोपाठ दोन महिने घरात काही झालं नाही, तरच सवय लागली असं मानावं. मध्ये घसरण झाली तर आठवडाभर पहिल्या दिवसाचं वेळापत्रक पुन्हा सुरू करावं.

काही गोष्टी मात्र सवयीच्या नसतातच. कुणी घरात आल्यावर पिल्लू पोट जमिनीला लावून, शेपटी दाबून दोन थेंब सोडतं, ती नम्रतेची खूण असते. त्यावर ओरडलं की ती वाढते. अशा वेळी त्याच्यावर वाकू नये, थेट पाहू नये, बाजूला बसून त्याला स्वतःहून जवळ येऊ द्यावं. मोठं होता होता ती बहुधा जाते. सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान नर पाय वर करून उभ्या वस्तूंवर थोडी थोडी शू शिंपडू लागतो. ही हद्द आखण्याची वृत्ती आहे. नसबंदीनंतर अनेकांत ती कमी होते. मादी पहिल्यांदा माजावर येताना वारंवार शू करते. आणि एकटं ठेवल्यावरच शू, दाराला ओरखडे, सतत रडणं असं असेल तर ती एकटेपणाची भीती असते, तिच्यावर वेगळे उपाय आहेत.

पुन्हा पुन्हा थोडी थोडी शू, जोर लावणं, रक्त, उग्र वास किंवा एकाएकी खूप पाणी पिणं असं दिसलं, तर वेळापत्रक बाजूला ठेवून पशुवैद्य गाठावा. मूत्रमार्गाचा संसर्ग झालेल्या पिल्लाला थांबणं शक्यच नसतं. जुलाबांत रक्त, उलट्या आणि मलूलपणा असेल तर सकाळची वाट पाहू नये. शूच्या तपासणीसाठी नमुना सकाळच्या पहिल्या फेरीत घेता येतो: पिल्लू बसलं की मागून हळूच स्वच्छ, उथळ डबी सरकवायची, झाकण लावून तास-दोन तासांत दवाखान्यात पोचवायची. उशीर होणार असेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवावी, आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवून घरातल्या बाकीच्यांनाही सांगून ठेवावं.